रंग छान चढलाय

"मॅडम, रंग काय सुरेख चढलाय," लॅबमधली वैदेही म्हणाली. स्लाइड मॅडमच्या आईच्या गाठीची आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

मृणालिनीने मायक्रोस्कोपला डोळे लावले. पेशी गडद तपकिरी झाल्या होत्या. पेशींना मरू न देणारं प्रथिन असलं की हा रंग चढतो, आणि असा कॅन्सर औषधांना सहसा दाद देत नाही.

तेवढ्यात घरून आईचा फोन आला. "झाली का गं माझी तपासणी?"

"हो. रंग छान चढलाय," सवयीने तोंडून निघून गेलं.

"छान ना? मग झालं तर. ऐकलंस का रे पिल्लू, आजी बरी होणार तुझी."

पलीकडे बाळ खिदळलं. शब्द मागे घ्यायला मृणालिनीने तोंड उघडलं, आणि "त्याला दूध दिलंस ना?" एवढंच विचारलं.