दादांचा शब्द

“लग्न करून पाहिलं, आता घर घेऊन पाहतो,” फिटर म्हणाला आणि स्वतःच हसला. “पण तुम्ही हो म्हणालात तरच, दादा.”

दादा म्हणजे पंपांच्या कारखान्यातले सुपरवायझर. हातात पाना कसा धरायचा इथपासून फिटरला त्यांनीच शिकवलं होतं. त्याच्या लग्नात वडिलांच्या जागी तेच उभे राहिले होते. आज संध्याकाळी तो बायकोला घेऊन त्यांच्याकडे आला होता, कारण उद्या त्याला दोन ठिकाणी उत्तर द्यायचं होतं. दादांच्याच गल्लीच्या टोकाचं दोन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं. मंदीमुळे भाव पार खाली आला होता. दुसरीकडे बायकोचा भाऊ त्यांना आपल्या शहरात बोलावत होता. तिथं लिफ्टच्या दुरुस्तीचं काम मिळत होतं, पण ती जागा फार दिवस रिकामी राहणार नव्हती.

“घर घेतलं तर होतं नव्हतं ते सगळं त्यात जाणार,” फिटर म्हणाला. “मग कारखाना चालायला हवा. लोक काहीबाही बोलतात. मागणी नाही, माल गोदामात पडून आहे. मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं.”

दादांना कळत होतं. मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावून, दार लावून सांगितलं होतं, की हातातल्या ऑर्डरी संपल्या की कारखान्याला टाळं. दादांची तेवढी दुसऱ्या शहरातल्या शाखेत सोय होणार होती. अट एकच, तोंडातून ब्र काढायचा नाही. बातमी फुटली तर माणसं आधीच निघून जातील, काम अडकेल, आणि मग दादांचीही सोय राहणार नाही. दादांनी पन्नाशी ओलांडली होती. या वयात नव्यानं कोण दारात उभं करणार? त्यांनी मान डोलावली होती. तेव्हापासून त्यांची बायको आतल्या खोलीत रोज थोडी थोडी बांधाबांध करत होती.

“लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार,” दादा म्हणाले. “मंदी काय, येते आणि जाते. घर मात्र या भावात पुन्हा मिळायचं नाही.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तेवढी काळजी त्यांनी घेतली होती.

फिटरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याच्या बायकोनं चहाचे रिकामे कप गोळा केले. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहणारी मुलगी ती, नुसतं बसून राहणं तिला जमायचं नाही. दादांची बायको “राहू दे गं” म्हणत उठेपर्यंत ती आत गेलीही होती. परत आली ती हात पुसत. पुन्हा बसली नाही, चौकटीत उभी राहिली.

“दादा, एक विचारू?” ती म्हणाली. “आम्ही इथं घर घेतलं, तर तुम्ही असाल ना शेजारी?”

दादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. बायकोकडेही नाही.

“मी कुठं जातोय,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि तिनं चपला पायात घातल्या.

ते दोघं गेल्यावर दादांची बायको पानं घ्यायला उठली. मग ताट वाढता वाढता तिनं एवढंच विचारलं, “पोटच्या पोरालाही असंच सांगितलं असतंत?”

सकाळी दादा कारखान्याकडे न वळता फिटरच्या भाड्याच्या खोलीकडे निघाले. सगळं सांगून टाकायचं ठरवून निघाले होते. चालता चालता ते ठरवणं आक्रसत गेलं. निदान इसार देऊ नकोस, एवढं तरी सांगू. कारण विचारलं तर बघू.

फिटर दारातच भेटला. डोळे जागरणानं लाल. दादांनी तोंड उघडायच्या आत त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

“मला माफ करा, दादा. तुमचा शब्द मी खाली पाडला.”

“झालं काय?”

“ही ऐकत नाही. तुमच्याकडून आल्यापासून एकच धोशा, घर नको, भावाकडे जाऊ. का, तर म्हणे स्वयंपाकघर अंधारं आहे. अहो, काल दुपारपर्यंत त्याच स्वयंपाकघरात कुठं काय मांडायचं ते मला सांगत होती. मी नाही नाही ते बोललो तिला. म्हटलं, दादांपेक्षा तुला जास्त कळतं का? शेवटी तिच्या भावाला हो म्हणून कळवलं. पण तुम्हाला तोंड कसं दाखवायचं, तेच सुचत नव्हतं.”

दादांच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की सुटलो. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटण्याचीच त्यांना अशी लाज वाटली, की फिटरच्या हातातले आपले हात त्यांनी काढून घेतले.

आत ती पिशवीत कपडे भरत होती. तिचेही डोळे सुजले होते. काल कप ठेवायला ती बांधाबांध चाललेल्या आतल्या खोलीतून गेली होती. त्यानंतर बाहेर येऊन तिनं तो प्रश्न विचारला होता. दादांना बोलायला तिनं वाट करून दिली होती, आणि ते मान खाली घालून बसले होते. रात्रभर नवऱ्याची बोलणी खाताना एका वाक्यात ती मोकळी झाली असती. ते वाक्य तिनं उच्चारलं नव्हतं. तिनं वर पाहिलं आणि कळेल न कळेल अशी मान हलवली.

“जाऊ द्या, दादा,” ती म्हणाली. “झालं ते झालं.”

“तू गप्प बस,” फिटर तिच्यावर खेकसला. “तुझ्यामुळे आज मला यांच्यासमोर मान खाली घालावी लागली.”

“तिला बोलू नकोस,” दादा म्हणाले. “कारखाना बंद होणार आहे. मला कधीचं माहीत आहे. तिला कालपासून.”