पाच पौंड हवा

हवा मोजायच्या पहिल्या गेजने चार पौंड दाखवले, दुसऱ्याने साडेपाच. तिसऱ्याचा काटा खुशाल सातावर जाऊन बसला.

टायर एकच, हवा तीच, आणि आकडे तीन. काटेसाहेबांनी कपाळाला हात लावला. चौतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खोलीत गेजांचं खरंखोटं करण्यात गेली, म्हणून तर त्यांना हे नाव पडलं होतं. आता घरातलीच तीन गेजं त्यांना दाद देत नव्हती.

फ्रिज आणि जेवणाचं टेबल यांच्या मधोमध उभी असलेली ती जाड टायरांची सायकल त्यांच्या बायकोची. बाई रिटायर्ड नर्स, सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. उद्या सकाळी सातला समुद्रकाठच्या वाळूत पंचवीस किलोमीटरची शर्यत होती आणि वयाच्या साठाव्या वर्षी सिस्टर तीत उतरणार होत्या. मऊ वाळूत या लोडासारख्या टायरांना पाच पौंड हवा पुरे, जास्त झाली की चाक कडक होऊन रुततं. पण साधी गेजं तीस-चाळीस पौंडांसाठी केलेली. पाचापर्यंत त्यांच्या काट्यांना धड जागच येत नाही. त्यात प्रत्येक मोजणीला थोडी हवा फुस्स करून निसटायची. मग पुन्हा पंप, पुन्हा मोजणी. तासभर हेच चाललं होतं.

गेल्या वर्षी काटेसाहेबांनी एकाच गेजने हवा मोजून छाती पुढे काढून सांगितलं होतं, पाच म्हणजे पाच. चाकं वाळूत रुतत राहिली. शेवटचे चार किलोमीटर सिस्टर सायकल ढकलत चालल्या, आणि पोचल्या तेव्हा मांडव उतरवणं चालू होतं. पाय दुखायला लागले, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. आठवड्याने काटेसाहेब ते गेज घेऊन गुपचूप जुन्या कारखान्यात गेले. आठ पौंडांना ते पाच दाखवत होतं. घरी आल्यावर त्यांच्या तोंडून ते निघालंच नाही, आणि त्याची लाज वर्षभर त्यांना आतून खात होती.

"अहो, हे लावून बघा," म्हणत सिस्टरांनी आपलं काट्याचं बीपीचं मशीन टेबलावर ठेवलं.

काटेसाहेबांना आधी अपमान वाटला. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. मशीनवरचे पाऱ्याचे तीनशे मिलिमीटर म्हणजे सहा पौंडही नाहीत. पाच पौंड दोनशे साठच्या किंचित खाली येत होते, आणि तिथवर एकेक रेघ स्पष्ट होती. त्यांनी दंडाचा पट्टा सोडवला, रबरी नळी पंपाच्या नळीला तारेने आवळून जोडली आणि तिचं तोंड टायरच्या व्हॉल्व्हवर बसवलं. काटा सरसर चढला आणि दोनशे नव्वदवर थांबला.

"मीठ बंद करा याचं," सिस्टर म्हणाल्या.

काटेसाहेब हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्यांनी जपून हवा सोडली. दोनशे ऐंशी, दोनशे सत्तर, दोनशे अठ्ठावन्न. काटा तिथे स्थिर राहिला. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच. मागचं चाकही तसंच जमलं. खरा आकडा हातात आल्यावर मात्र त्यांना गप्प बसवेना.

"गेल्या वर्षीचं गेज खोटं होतं," ते टायरकडे बघत म्हणाले. "टायरात आठ होती. तुझ्या पायांचा काही दोष नव्हता."

सिस्टर व्हॉल्व्हचं टोपण फिरवत होत्या.

"ठाऊक आहे मला. शर्यत सुरू व्हायच्या आधीच अंगठ्याने दाबून बघितलं होतं. नुसता दगड झाला होता."

"मग हवा सोडायची नाही का थोडी?"

"कशी सोडणार? तुम्ही मोजून दिली होती."