कारहुणवीचे रंग

संघपाल फौजेतून रिटायर होऊन औरादजवळच्या आपल्या गावी आला. दुश्मनाला दिसू नयेत म्हणून गाड्या, तंबू झाडा-मातीच्या रंगांनी रंगवायचे, हेच त्याचं तिथलं काम.

पंचायतीनं गावात एकच कॅमेरा बसवला, तोही बौद्ध वस्तीच्या तोंडावर. अध्यक्ष कल्लप्पाअण्णांनी संघपालला बोलावून सांगितलं, "वस्तीतल्या कुणाला दिसू नये असा रंगव."

दुसऱ्या दिवशी खांबासकट कॅमेरा कारहुणवीच्या सणाला सजवलेल्या बैलाच्या शिंगांसारखा गुलाबी-पिवळा झाला होता. खाली लाल गोंडाही लोंबत होता.

"अरे, लपवायला सांगितलो होतो तुला!" अण्णा ओरडले.



"फौजेत दुश्मनापासून लपवत होतो, अण्णा. वस्तीत तुमचा दुश्मन कोण हाय, त्याचं नाव सांगा. लगेच लपवतो."