ठोकठोक

“काका, हळू बोला ना. ऐकू येतं मला,” कॉफी देणारी मुलगी म्हणाली आणि मुकुंदराव ओशाळले. सगळा जन्म तांबट आळीत गेलेला. दिवसभर तांब्यावर हातोडे पडायचे, त्यामुळे इथं माणसं ओरडूनच बोलायची.

आळी पाडू नये म्हणून ते कोर्टात भांडले, जिंकलेही. जुनी घरं वाचली, त्यांत कॅफे आले, भाडी परवडेनात तसे तांबट मात्र एकेक करून गेले.

घरी येऊन त्यांनी बबनला फोन लावला. आळी सोडणारा तो शेवटचा तांबट.

“आवाज का रे बसलाय तुझा?”

“बसला नाही. इथं फ्लॅटमध्ये जरा मोठ्यानं बोललं की शेजारी भिंत ठोकतात.”

मुकुंदरावांनी फोन कानाशी घट्ट धरला.

“मोठ्यानंच बोल, बबन. ठोकू देत त्यांना. तेवढीच ठोकठोक कानावर पडेल.”