चमन न्हाय

गैबी सुरतेला मागावर कामाला होता. दर शुक्रवारी तिथल्या पोस्टातून तो कोल्हापुरात अमीनभाईंच्या दुकानात ट्रंक कॉल लावायचा आणि मुळात कुणी नसलेल्याच चमनला बोलवायला सांगायचा. अमीनभाई ऑपरेटरला म्हणायचे, "चमन न्हाय." बोलावलेला माणूस नसला की बोलायचे पैसे लागत नसत, ते वाचायचे; आणि तिकडं गैबीला कळायचं, अम्मा बरी हाय.

बरी नसली, तर "हाय, जोडा" म्हणायचं ठरलं होतं.

चार वर्षांनी तो शुक्रवार आला. लेकाच्या आवाजासाठी जीव धरून राहिलेल्या अम्माची, इमामबीची बाज अमीनभाईंनी फोनपाशी आणली. दुपार टळली तरी घंटी वाजेना. शेवटी त्यांनीच एक्स्चेंजला विचारलं.

ऑपरेटर बाई हसल्या.

"आलता की मघाशीच! तुमचा चमन कवाच नसतोय, म्हणून मीच परस्पर 'न्हाय' सांगितलं. दर खेपेला तुम्हाला कशाला तरास?"