दाराआतले दोघे
डॉ. मृणाल खोत भुऱ्या नावाच्या कुत्र्याच्या फाटलेल्या कानाला टाके घालत होत्या. सुई हातमोज्यातून बोटात शिरली, तेवढ्यात भिंतीवरच्या जंतुशोधक यंत्राचा दिवा लाल झाला आणि दवाखान्याचं दार आपोआप बंद झालं. भुऱ्याच्या जखमेत तोच जंतू होता, ज्याच्यावर आता कुठलंच औषध चालत नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला लागण नाही. दार तुमच्यापुरतं उघडेल," त्या भुऱ्याच्या मालकांना म्हणाल्या.

"आणि भुऱ्या?"

"तो नाही. आता मीही नाही."

"घरी तान्ही नात आहे हो," असं पुटपुटत ईश्वरअण्णा मागे न बघता बाहेर पडले.

भुऱ्या दाराकडे बघून केविलवाणा कण्हू लागला. मृणालनी उरलेले टाके नीट घातले, हातमोजे काढले आणि उघड्या हातानं त्या त्याची मान कुरवाळत बसल्या.