चौदा नंबरचा खिळा

गुल्वेननं नेहमीसारखं दोनदा दार ठोठावलं आणि सायकल भिंतीला टेकवून तो उभा राहिला. दार उघडताच चौदा नंबरच्या बाईंनी त्याच्याकडे नाही, आधी सायकलच्या हँडलकडे पाहिलं.

“काय रे शोनी, सगळे कांदे खालच्या गल्लीतच संपवलेस? मी काय घोडं मारलंय तुझं?”

“आणलेच नाहीत, बाई.”

स्वान्सीच्या त्या चढाच्या गल्लीत कांदेवाला म्हणजे शोनी. दर सप्टेंबरात समुद्रापलीकडून, फ्रान्सच्या रॉस्कॉफ गावाहून येऊन, सायकलवर देठं गुंफून केलेल्या कांद्याच्या वेण्या लादून जो फिरेल तो शोनी. गुल्वेनच्या आधी त्याचा बाप शोनी होता. एक्केचाळीस वर्षांत इथं कुणी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, आणि त्यालाही माणसं दारांच्या नंबरांनीच ठाऊक होती. चार नंबरला दोन वेण्या. नऊ नंबरला बारीक कांदे. चौदा नंबरची वेणी मात्र आत जाऊन, स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारच्या खिळ्याला स्वतः टांगून द्यायची.

तो बाईंमागून स्वयंपाकघरात गेला. बाईंनी खिळा पुसून ठेवला होता. खाली स्टूलही मांडलेलं होतं.

“आता विकायला परवाना लागतो,” तो म्हणाला. “तुमचा देश युरोपच्या संघातून बाहेर पडला ना, तेव्हापासून. कांद्यांचे कागद वेगळे, माझे वेगळे. मधली वर्षं पुतण्यानं ते कागदांचं कसंबसं निभावलं. यंदा त्यानं हात टेकले. आता पुन्हा काही आणता यायचं नाही.”

“मग एवढ्या लांब आलास कशाला? पत्र टाकायचंस.”

“कुणाच्या नावानं टाकणार?”

बाईंनी स्टूल बाजूला सरकवलं.

“काल बंदरावरच्या साहेबानंही खोदून विचारलं. म्हटलं, ओळखीच्यांना भेटायला चाललोय. तर म्हणाला, नावं सांगा. मी म्हटलं, चार नंबर, नऊ नंबर, चौदा नंबर.” बाईंना हसू आलं, तसा तोही हसला. “माणूस वाईट नव्हता. म्हणाला, भेटा खुशाल. विकायचं मात्र काही नाही.”

“बस,” बाई म्हणाल्या. त्याच्या हातातली गोल टोपी घेऊन त्यांनी सवयीनं त्या खिळ्यालाच अडकवली आणि चहाचं आधण ठेवलं.

गुल्वेन त्या घरात पहिल्यांदाच बसला. एरवी बाहेर मालानं भरलेली सायकल असायची, बसायला फुरसत कुठली. बाईंनी तव्यावरचे मनुकांचे केक पुढे केले. त्यानं एक उचलला आणि हातातच धरून ठेवला.

“मी मत दिलं होतं, शोनी,” बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “बाहेर पडायच्या बाजूनं.”

चार नंबरनं आणि नऊ नंबरनंही दिलं असेल; तिथं कुणी तसं म्हटलं नव्हतं, अरेरे म्हणून दार लावून घेतलं होतं. गुल्वेनला राग आला, आणि खोटं कशाला बोला, चांगलाच आला. हा चढ चढून चढून त्याचे गुडघे गेले होते.

“तुझ्यावर राग म्हणून नव्हतं ते. ह्यांचा पत्र्याचा कारखाना बंद पडला. पोरं गाव सोडून गेली. वाटलं, काहीतरी बदलेल.” बाईंनी कप बशीत ठेवला. “त्या मताच्या कागदावर तुझं नाव नव्हतं रे.”

“माझं नाव तुम्हाला कुठं माहीत आहे, बाई?”

तो हळूच बोलला होता, पण बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. शहाऐंशी वर्षांच्या बाईला असं तोंडावर बोलायला नको होतं.

“सांग,” बाई म्हणाल्या.

“गुल्वेन.”

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या खेपेला बरोबर आलं.

“मी नेस्ता. नेस्ता प्रिचर्ड.”

मग त्या उठल्या आणि फडताळातून जाळीच्या पिशवीतले कांदे काढून त्याच्यापुढे ठेवले. “दुकानातले आहेत. निदान यांची तरी वेणी घालून दे. त्याला परवाना लागत नसेल.”

वेण्या बांधायचा दोरा त्याच्या खिशात होताच. घरून निघताना हात आपोआप दोऱ्याकडे गेला होता. त्यानं एक कांदा घेऊन फिरवून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा.

“यांच्या माना पार छाटून टाकल्यात,” तो म्हणाला. “बांधायला काही ठेवलंच नाही.”

त्यानं कांदे एकेक करून पिशवीत परत ठेवले.

बोट संध्याकाळची होती आणि बंदर लांब होतं. गुल्वेन उठला, खिळ्यावरच्या टोपीकडे त्यानं हात नेला.

“राहू दे तिथंच,” नेस्ताबाई म्हणाल्या. “पुढच्या सप्टेंबरात न्यायला ये. बंदरावर विचारलं तर सांग, नेस्ता प्रिचर्डकडे टोपी राहिलीय.”

त्यानं हात खाली घेतला. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. गुल्वेन उघड्या डोक्यानंच निघाला.